परतीची चिठ्ठी

मागच्या शनिवारी अलिबागच्या घरी कपाट आवरत होतो. बाबांच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली पासपोर्टासारखं दिसणारं एक छोटं पुस्तक सापडलं. माझं री-एन्ट्री परमिट. मुदत केव्हाच संपलेली.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेतलं 'कायमचं' रहिवासीपण. पण हा 'कायमचं' शब्द भारी फसवा आहे. सलग एक वर्ष किंवा जास्त बाहेर राहिलात की नुसतं कार्ड दाखवून परत आत शिरता येत नाही. म्हणून निघण्याआधी, तिथे असतानाच, आय-१३१ नावाचा फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे. मग जास्तीत जास्त दोन वर्षांचं परमिट मिळतं. तेवढं करूनही विमानतळावरचा अधिकारी उलटतपासणी घेऊ शकतोच. आपल्या भाषेत सांगायचं तर सेशन टोकन. एक्स्पायर झालं की पुन्हा पहिल्यापासून लॉगिन!

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी फॉर्म भरला, आणि ठसे द्यायची तारीख येईपर्यंत तिकडेच थांबलो. बाबा इकडे हॉस्पिटलात आणि मी तिकडे पत्रपेटीत डोकावतोय... ते दिवस अजून आठवले की पोटात खड्डा पडतो. इकडे आल्यावर रोज सकाळी मला दोन आकडे पाठ असायचे. बाबांचं बीपी आणि परमिटचे उरलेले दिवस.

त्याच काळात एका रविवारी श्रीवर्धनला गेलो होतो. जिथे जेवलो तिथल्या म्हाताऱ्या चाचांना माझी रडकथा ऐकवली. ते हसले. म्हणाले, "बेटा, आमच्या आजोबांनी पण हेच केलं. ते केपला होते ना!"

केप? म्हटलं, हे काय नवीन? घरी येऊन वाचायला लागलो, आणि पुढचे कित्येक वीकेंड त्यातच गेले.

तर गोष्ट अशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कोकणातले बरेच मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला गेले. रत्नागिरी जिल्हा, तेव्हाचा कुलाबा (त्याचं 'रायगड' नाव १९८१ मधलं) आणि जंजिरा संस्थान या पट्ट्यातली ही माणसं. नाताळमधल्या उसाच्या मळ्यांवर करार करून नेलेले मजूर वेगळे. हे स्वतःच्या खर्चाने तिकीट काढून गेलेले. कुणी दुकान टाकलं, कुणी फेरीवाला झाला, कुणी मजुरी केली. बायका-मुलं बहुतेक गावीच. म्हणजे वर्षं मोजत राबायचं, मग बोटीने मुंबई गाठून गावी यायचं, लग्न नाहीतर घराची डागडुजी उरकायची आणि परत जायचं. आपल्या ऑनसाइटवाल्यांसारखंच की!

१९०६ साली केप वसाहतीने नवा इमिग्रेशन कायदा केला. आत यायचं तर एखादी युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे. गंमत म्हणजे यिडिश ही युरोपीय भाषा म्हणून चालणार होती. मराठी, उर्दू, गुजराती मात्र नाही. म्हणजे गावातला शिकलेला माणूसही बंदरावर निरक्षर! जे भारतीय आधीच तिथे राहत होते त्यांनी गावी जाताना परमिट घ्यायचं, त्यावर फोटो लावायचा आणि ठरलेल्या मुदतीत परत यायचं. ही मुदत सुरुवातीला साधारण वर्षभराची होती, पुढे ती तीन वर्षांपर्यंत गेली. परमिट न घेता गेलात किंवा मुदत चुकवलीत, तर तुम्ही नवखे. तिथे काढलेली सगळी वर्षं शून्य.

आता हे कोकणच्या अंगाने बघा. पावसाळ्यात इथली किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद. ज्याची मुदत ऑगस्टात संपते, त्याने मे महिन्यातच गाव सोडलेलं बरं. आई आजारी असो की पेरणी तोंडावर असो.

ऑक्टोबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले केप टाउनला उतरले. आपल्याच कोकणातला, कोतळूकचा माणूस. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची गाऱ्हाणी त्यांनी तिथल्या सरकारपुढे मांडली. पण १४ मार्च १९१३ ला केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करायची मुभा आहे त्या धर्माप्रमाणे झालेलं लग्न तिथे ग्राह्य नाही. म्हणजे नवऱ्याला राहायचा हक्क, पण बायको कायद्याने बायकोच नाही! त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह बायका तुरुंगात गेल्या, त्यामागे हा निकालही होता. १९१४ च्या कायद्याने एका बायकोला मान्यता मिळाली.

१९२७ च्या केप टाउन करारानंतरच्या कायद्याने तर आकडाच पक्का केला. सलग तीन वर्षं बाहेर राहिलात की रहिवासीपण गेलं. मुलाला आणायचं तर तो आपलाच मुलगा आहे हे सिद्ध करायचं. अधिकारी बापाला आणि मुलाला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारत. बापाने मुलाला धड दोन-चारदाच पाहिलेलं. उत्तरं जुळणार कशी? पुढे १९५३ च्या कायद्याने भारतातून बायका-मुलं आणायची वाट जवळपास बंदच झाली.

ती परमिटं केप टाउनच्या सरकारी दप्तरखान्यात अजून आहेत. त्यातल्या कित्येक माणसांचा आयुष्यात काढलेला एकुलता एक फोटो तोच असेल, असं मला वाटतं. घरच्यांसाठी नाही, साहेबाला ओळख पटावी म्हणून काढलेला.

दोन्ही पद्धती सारख्याच असं मी म्हणणार नाही. केपचा कायदा कातडीचा रंग बघून केलेला होता. माझा नियम सगळ्या देशांच्या लोकांना सारखा लागू. शिवाय माझ्यापाशी पुण्यातली नोकरी होती, त्यांच्यापाशी चार गुंठे खारवट जमीन. पण 'परत यायचं असेल तर आत्ताच तारीख सांग' हा प्रश्न तोच. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचं उत्तर देता येत नाही.

माझी मुदत संपली त्या दिवशी मी बाबांना काठी धरून अंगणात चार पावलं चालवत होतो. त्यांना तारीख माहीत होती. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "गेली ना रे तुझी गाडी?"

म्हटलं, "जाऊ दे बाबा, मी गाडीत नव्हतोच."

हे खरं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. असो. पुस्तक परत कपाटात ठेवलं आहे. फोटो बरा आलाय त्यातला.