रेल्वेखाते आणि विधिमंडळातील प्रश्न

हिंदुस्थानातील विधिमंडळास सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने मिळाला; परंतु उत्तरावर चर्चा करण्यास मज्जाव होता. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास पुरवणी प्रश्नाची मुभा दिली. १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांस लाभली. हा फरक किरकोळ नव्हे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरीत सिद्ध होते. पुरवणी प्रश्नाचे मात्र सभागृहात उभे राहून द्यावे लागते.

रेल्वेखात्याच्या बाबतीत या अधिकाराची मर्यादाही स्पष्ट होते. १९२४ च्या ठरावाने रेल्वेचा जमाखर्च सामान्य जमाखर्चापासून वेगळा झाला व तिच्या कारभाराच्या स्वतंत्र चर्चेस वाव मिळाला. तथापि सभेने नाकारलेली खर्चाची मागणी सरकारला पुन्हा कायम करता येई. उत्तर देणारा सभासद व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा. त्यास पदच्युत करणे सभेच्या हाती नव्हते.

'जबाब' आणि 'जबाबदारी' हे शब्द एकाच कुळातले होत. परकीय अमदानीत सभेस पहिल्यावरच समाधान मानावे लागले. नोव्हेंबर १९५६ मधील अरियलूरच्या अपघातानंतर रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला, तेव्हा दुसऱ्याचा अर्थ प्रत्ययास आला. २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प राहिलेला नाही. म्हणूनच प्रश्नोत्तरांच्या तासाचे मोल आता अधिक आहे.