"किती जण?"



परवा मुलगी म्हणाली, "आई, घरात केटली असताना एका कपासाठी पातेलं कशाला गं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. सवय आजीची.

आमच्या कोल्हापूरकडच्या घरी चहाचं पाणी आधी दुपदरी गाळण्यातून गाळायचं. जिवाणी परत त्याच आडात. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेल्याची २४ तास. उकळताना पाण्यातल्या जीवांचा घात होतोच, तो संसारी माणूस पत्करतो; पण गरजेपुरता. आजीनं हे कधी समजावून सांगितलं नाही. आधण ठेवताना "किती जण?" एवढंच विचारायची.

चहा तसा आपल्याकडे उशिराच आला. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी चहाच्या कार्यक्रमाला गेली. गोपाळराव जोशींनी नावं छापवली आणि केवढं ग्रामण्य झालं! तिथे प्रश्न होता चहा कोणाच्या हातचा. आपल्या बायकांचा प्रश्न वेगळाच: पाणी गाळलंय का, आणि दिवस मावळायच्या आत होईल का? पुढे १९०३ च्या कायद्यानं निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस स्टोव्हही घरोघरी पोचला. चूल पेटवण्याची खटपट गेली, तसा चहा दिवसातून दोनदा, तीनदा होऊ लागला. पिन मारून, पंप मारून आजी आधण ठेवायची ती मात्र मोजूनच.

कोणी म्हणतं, आपल्या पूर्वजांना जंतू आधीच ठाऊक होते. मला हे ओढूनताणून वाटतं. कॉलऱ्याचा जंतू कॉखनं कलकत्त्यात ओळखला तो १८८४ मध्ये. तो शोध माणूस वाचावा म्हणून होता. आपलं गाळणं पाण्यातला जीव वाचावा म्हणून. दोन्ही चांगलंच, पण एक नव्हे.

खरं सांगते, मध्यंतरी माझी सवय सुटली होती. केटली आली, बटण दाबलं की वाफेनं आपोआप बंद होते, मग काठोकाठ भरायला काय जातं? गेल्या चातुर्मासात सासूबाईंचा उपवास होता, फक्त गरम पाण्यावर. सोयीसाठी मी सकाळीच केटली भरून उकळली. त्यांनी दोन भांडी घेतली. दुसऱ्या दिवशी उरलेलं मी मोरीत ओतताना त्या दारात उभ्या होत्या.

"एवढं उकळलंस कोणासाठी गं?"

रागावल्या नव्हत्या. तेच मला जास्त लागलं.

आमच्या केटलीवरची सगळ्यात खालची खूण अर्ध्या लिटरची आहे. चौघं असलो की केटली. एकटी असले की पातेलं.