यूटीएफ-८ : नेटवर्क प्रवाहाचे वाचन
केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या संकेतन पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'मराठी'ला, काना-वेलांटी स्वतंत्र धरून, १५ बाइट लागतात. टीसीपी ही नेटवर्कवरून माहिती वाहून नेणारी पद्धत मात्र बाइटांचा क्रम तेवढा राखते, अक्षरांच्या सीमा नाही. त्यामुळे एका वाचनात २२४, १६४ आणि पुढच्यात १७४ हाती येऊ शकते. तुकडे सुटे उलगडले, तर 'म'च्या जागी चौकटीतली प्रश्नचिन्हे उमटतात व मूळ अक्षर हरवते. केवळ इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतल्यास हा गंभीर दोष दिसतच नाही. तिथे अक्षर १ बाइटाचे असते. अपुरे बाइट राखून पुढच्या तुकड्याला जोडणारा एकच विसंकेतक (डिकोडर) संपूर्ण प्रवाहासाठी वापरावा. जावास्क्रिप्टच्या टेक्स्टडिकोडरला त्यासाठी 'स्ट्रीम' पर्याय द्यावा लागतो. प्रवाह संपताना अपुरे बाइट उरल्यास मजकूर तुटला असे समजावे.