सिएनाची अपुरी भिंत

इटलीच्या तस्कनी प्रांतात तीन टेकड्यांवर वसलेले सिएना पाहावयास आम्ही गेलो, तेव्हा तेथील भव्य प्रधान चर्चपेक्षा त्यालगतच्या एका अपुऱ्या भिंतीनेच आमचे लक्ष अधिक वेधले. असलेले चर्च हे नव्या चर्चची केवळ आडवी भुजा ठरावे, एवढा विस्तार नगरवासीयांनी १३३९ मध्ये आरंभिला होता. परंतु १३४८ च्या महामारीने नगर उजाड केले. बांधकामातील दोषही उघडकीस आले आणि अखेर १३५७ मध्ये तो संकल्प सोडून द्यावा लागला.

त्याच सुमारास, १३३८-३९ मध्ये, आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने नऊ शासकांच्या सभागृहात सुराज्य व कुराज्य यांची भित्तिचित्रे रंगविली. न्यायदेवतेच्या तराजूपासून निघालेली दोरी ऐक्यदेवतेच्या हातून चोवीस नागरिकांपर्यंत पोहोचली आहे. हे चित्र नित्य डोळ्यांपुढे असताही १३५५ च्या उठावात त्या नवांची सत्ता उलथली. १५५५ मध्ये तर नगराचे स्वातंत्र्यही गेले.

चित्र मार्ग दाखविते. चालावे ज्याचे त्यानेच लागते. तथापि राज्यकर्त्यांनी स्वतःच स्वतःस देवविलेली ती ताकीद आणि त्यांच्या महत्त्वाकांक्षेची मर्यादा सांगणारी ही भिंत, हाच आमच्या मते सिएनाचा खरा वारसा होय.