प्रमाणपत्र एकदा मिळालं की संपलं? सीए, डॉक्टर आणि पीएमपीवाल्यांना पुन्हा पुन्हा अभ्यास का करावा लागतो

सीएची परीक्षा पास झाली, ऑफिसच्या दारावर पाटी लागली, की अभ्यास संपला असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात पाटी टिकवण्यासाठीही अभ्यास करावा लागतो. डॉक्टर, ऑडिटर, प्रोजेक्ट मॅनेजर अशा बऱ्याच व्यवसायांत प्रमाणपत्राला मुदत असते किंवा ते टिकवण्यासाठी अटी असतात. पण या अटी पाळताना माणूस खरंच नवं शिकतो, की फक्त पॉइंट्स गोळा करतो? जगभरातल्या व्यावसायिक संघटना या प्रश्नाशी झगडत आहेत.

नियम काय आहेत?

प्रॅक्टिस करणाऱ्या आणि ६० वर्षांखालच्या सीएला तीन वर्षांत सीपीईचे १२० तास पूर्ण करावे लागतात. त्यातले काही तास सेमिनार, कार्यशाळांचे असतात, तर काही स्वतःच्या वाचनाचे धरता येतात.

महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्यासाठी त्या काळात ३० क्रेडिट पॉइंट्स लागतात. मुख्यतः वैद्यकीय परिषदा आणि कार्यशाळांना हजर राहून हे पॉइंट्स मिळतात.

आयटीतल्या मराठी मुलामुलींना पीएमपी हे नाव नवं नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेली पीएमआय ही संस्था हे प्रमाणपत्र देते. ते टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू लागतात. ते झाले नाहीत तर प्रमाणपत्र वर्षभरासाठी निलंबित होतं, आणि तरीही पूर्ण केले नाहीत तर रद्द होतं. मग पुन्हा परीक्षा. सिसा या आयटी ऑडिटच्या प्रमाणपत्राला तीन वर्षांत १२० तास आणि दर वर्षी किमान २० तास, असा नियम आहे.

सक्ती आणि मर्जी

यात एक फरक महत्त्वाचा आहे. डॉक्टर आणि सीए यांच्यासाठी नोंदणी कायद्याने लागते, ती नसेल तर व्यवसायच करता येत नाही. पीएमपी किंवा सिसा नसलं तरी नोकरी करता येते, म्हणजे ते ठेवायचं की नाही हे त्या माणसावर असतं.

तिशीत नोकरी बदलताना सीव्हीवर पीएमपी असण्याचा फायदा होतो. पंचेचाळिशीत माणूस मोठ्या पदावर पोचतो, त्याला प्रमाणपत्र कुणी विचारत नाही. वेळ कमी आणि घरच्या जबाबदाऱ्या जास्त असतात. फी भरायची आणि पीडीयू मोजायचे कशासाठी, असा विचार करून अनेक जण प्रमाणपत्र सोडून देतात. म्हणजे ज्यांच्याकडे अनुभव सर्वात जास्त, नेमके तेच संघटनेपासून तुटतात.

अमेरिकेतले डॉक्टर चिडले, तेव्हा

सक्ती केली की प्रश्न सुटतो, असंही नाही. अमेरिकेत फिजिशियनना तज्ज्ञतेचं प्रमाणपत्र देणारं एबीआयएम नावाचं बोर्ड आहे. १९९० पूर्वी हे प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी मिळायचं. त्यानंतर दर दहा वर्षांनी परीक्षा आली. जुन्या डॉक्टरांना मात्र सूट राहिली. त्यामुळे नियम सर्वांना सारखा नाही, ही नाराजी पहिल्यापासून होती.

२०१४ मध्ये बोर्डाने नियम आणखी कडक केले. परीक्षेच्या मध्येही सतत पॉइंट्स मिळवायचे आणि स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाची कागदपत्रं भरायची, असं ठरलं. हजारो डॉक्टरांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. पेशंट बघायचे सोडून फॉर्म भरायचे का, यातून उपचार खरंच सुधारतात का आणि एवढी फी कशासाठी, हे त्यांचे प्रश्न होते. काही डॉक्टरांनी तर २०१५ मध्ये पर्यायी बोर्डच सुरू केलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एबीआयएमने जाहीर माफी मागितली आणि वादग्रस्त अटी स्थगित केल्या. स्वतःच्याच सदस्यांची अशी माफी एखाद्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने मागणं, ही दुर्मीळ गोष्ट होती.

मग उपाय काय निघाला?

भूलतज्ज्ञांच्या अमेरिकन बोर्डाने त्याच सुमारास वेगळा प्रयोग केला. दहा वर्षांनी एक मोठी परीक्षा घेण्याऐवजी दर तीन महिन्यांनी ३० प्रश्न, तेही मोबाईलवर. एका प्रश्नाला एक मिनिट. उत्तर चुकलं तर बरोबर उत्तर आणि त्याचं कारण लगेच समोर येतं.

एबीआयएमनेही २०२२ पासून असाच पर्याय दिला. पाच वर्षं, दर तिमाहीला ३० प्रश्न, प्रत्येकाला चार मिनिटं आणि पुस्तक उघडून बघायची परवानगी. प्रत्यक्ष दवाखान्यातही शंका आली की डॉक्टर संदर्भ बघतोच, हा त्यामागचा विचार.

यामागे शिकण्याचं जुनं तत्त्व आहे. एकदम घोकलेलं लवकर विसरतं, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा केलेलं टिकतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले होते. तरीही डॉक्टरांची तक्रार पूर्ण थांबलेली नाही. फी आणि सक्ती यांवरचा वाद सुरूच आहे.

टिकवून ठेवणारी गोष्ट

पीएमआयच्या नियमांत एक सोय लक्ष देण्यासारखी आहे. ६० पैकी २५ पर्यंत पीडीयू ‘दुसऱ्यांना देण्यातून’ मिळवता येतात. म्हणजे नव्या लोकांना मार्गदर्शन करणं, व्याख्यान देणं, लेख लिहिणं, संस्थेसाठी स्वयंसेवक म्हणून काम करणं. वीस वर्षं अनुभव असलेल्या माणसाला प्राथमिक विषयाच्या वेबिनारला बसवलं तर तो कंटाळणारच. त्यालाच शिकवायला उभं केलं तर त्याची तयारीही होते आणि मानही राहतो.

वय आणि अनुभव यांप्रमाणे गरज बदलते, हे ओळखणाऱ्या संघटनेकडे लोक टिकतात. नवख्याला परीक्षेची तयारी हवी असते, मधल्या टप्प्यावरच्याला कमी वेळात उपयोगी शिक्षण, तर ज्येष्ठाला आपला अनुभव पुढे देण्याची जागा. सगळ्यांना एकच हजेरीपट लावला की कार्यक्रमात सही करून मागच्या दाराने निघून जाणारे वाढतात.

तुमच्याकडे असं प्रमाणपत्र असेल तर

मुदत संपण्याची तारीख आजच बघून ठेवा. केलेल्या प्रत्येक कोर्सची पावती किंवा सर्टिफिकेट जपून ठेवा, कारण संस्था तपासणीसाठी पुरावा मागू शकते. तास शेवटच्या महिन्यात उरकण्यापेक्षा दर वर्षी थोडे थोडे करा. आणि कोर्स निवडताना तो किती पॉइंट्स देतो याआधी उद्याच्या कामात त्याचा उपयोग होईल का, हे बघा. पॉइंट्स दोन्हीकडे मिळतात, शिकणं एकाच ठिकाणी होतं.