चरीचा संप आणि जीव तरण्याचा प्रश्न

गेल्या चैत्रात डोलवी येथे आपल्या ज्ञातिबांधवांची एक छोटेखानी सभा भरली होती. जमलेला निधी देवळाच्या सभामंडपास द्यावा की पेण येथे शिकणाऱ्या मुलामुलींच्या वसतिगृहास द्यावा, एवढाच विषय होता. चर्चा रंगात आली असता एक वयोवृद्ध आजोबा उठले व म्हणाले, ‘‘पोरांनो, शिकाल, नोकरीला लागाल, पोट भरेल, पण जीवच तरला नाही, तर या सगळ्याचा उपेग काय?’’ सभा स्तब्ध झाली. आम्हांसही त्या वेळी उत्तर सुचले नाही. स्मरणिकेसाठी काही लिहावे असे चिटणिसांनी सुचविले, तेव्हा आपल्याच खारेपाटाच्या इतिहासात या प्रश्नाचे काही मिळते का, ते पाहावे असे मनात आले.

हा वाद महाराष्ट्रास नवा नाही. न्यायमूर्ती रानडे हे १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक आधारस्तंभ. ईश्वरनिष्ठेवाचून समाजसुधारणेस मूळ धरता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. उलट १८८८ मध्ये ‘सुधारक’ पत्र काढणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनी विवेकबुद्धी हाच पुरेसा आधार मानला. बालविधवेचे दुःख या जन्मातले आहे, तेव्हा त्याचा परिहारही याच जन्मात झाला पाहिजे, यासाठी परलोकाची साक्ष काढण्याची त्यांस गरज वाटली नाही. परंतु हा झाला पुण्या-मुंबईच्या विद्वानांचा वाद. आपल्या पूर्वजांपुढे तो निराळ्या रूपाने आला.

खारेपाटातील जमीन म्हणजे समुद्राशी केलेला तात्पुरता करार होय. धरमतरच्या खाडीस उधाण आले आणि बांधास खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि मग जमिनीतील मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत भात धड पिकत नाही. म्हणून गावोगाव ‘जोळ’ पद्धत होती. घरटी माणसे निघत आणि चिखल काढून बांध भरीत. खांड बुजवताना शेजारचा कोणत्या देवास भजतो, हे कोणी विचारीत नसे. आम्हांस वाटते, आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या चिखलातच आहे. मात्र असे घाम गाळून राखलेल्या जमिनीचे पीक कुळाच्या घरी पुरते येत नसे. खोताचा हिस्सा आधी, वर वेठ निराळी आणि जमिनीवरून निघण्याची टांगती तलवार कायमची.

खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी संप पुकारला. आसपासची पंचवीस गावे त्यात उतरली. खोताची जमीन कसावयाचीच नाही, असा तो निर्धार. आपल्या ज्ञातीचे भूषण नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी, व महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात आघाडीवर असलेले अनंतराव चित्रे त्यांचे सहकारी. संप एक हंगाम नव्हे, सुमारे सहा वर्षे चालला. भात पिकविणाऱ्यांनी भाताकडे पाठ फिरविली व रानातील लाकूडफाटा विकून दिवस काढले. आज लग्नात एक वेळ जेवण उशिरा आले तर आपण रुसतो. त्या आयाबायांनी सहा पावसाळे कसे काढले असतील! या संपाच्या मागण्यांत धर्माचे एकही कलम नव्हते. मागणी होती कुळाच्या हक्काची. संप करणारी माणसे नास्तिक होती असे नव्हे. देव त्यांच्या देव्हाऱ्यात होता, पण खोतापुढे उभे राहताना त्यांनी देवाचा दाखला मागितला नाही. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस विधिमंडळावर गेला. १९३९ मध्ये संप मिटला. पुढे १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारा कूळ कायद्याने जमिनीचा मालक मानला गेला.

याच काळात दुसरा मार्ग दाखविणारे थोर पुरुषही आपल्याच पेण तालुक्यातले. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, गागोदे येथील. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांस शंभर एकरांचे पहिले भूदान मिळाले. जमीनदाराचे हृदय पालटावे, देणाऱ्याचाही उद्धार व्हावा, ही त्यांची दृष्टी. ती उदात्त आहेच. परंतु भूदानातील पुष्कळशी जमीन नापीक निघाली व पुष्कळशी वाटलीच गेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. चरीच्या कुळांनी खोताचे हृदय पालटण्याची वाट पाहिली नाही. पाहिली असती तर आमच्या मते त्यांचे नातूही वेठीसच गेले असते.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर? १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडणारे तेच, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेणारेही तेच. केवळ कायद्याने माणूस माणसाशी नीट वागत नाही, असा त्यांचा निष्कर्ष झाला. पण त्यांनी पत्करलेल्या धम्मात अमर आत्माच मानलेला नाही! जीव तारण्याचा प्रश्न न काढता माणसाचे वर्तन तारण्याचा तो मार्ग. आजोबांस हे सांगितले असते तर ते काय म्हणाले असते, हे सांगवत नाही.

तथापि आजोबांची बाजू आम्ही मोडीत काढणार नाही. जमीन आपली झाली, तरी किती घरांतून ती दारूच्या गुत्त्याकडे वाहून गेली, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? कूळकायद्यात व्यसन सोडविण्याचे कलम नाही. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ पासून दासबोधाच्या निरूपणाच्या ज्या बैठका चालविल्या, त्यांनी आपल्या कित्येक कुटुंबांतील बाटली बाहेर काढली. आमच्या नात्यातील एक गृहस्थ भाषणांनी सुधारले नाहीत, पोलिसांनी सुधारले नाहीत. बैठकीस बसू लागले आणि दोन वर्षांत पोरीच्या शाळेची फी वेळेवर भरू लागले. यास आम्ही श्रद्धेचे फळ न म्हणावे तर काय म्हणावे? परंतु त्यांच्या पत्नीस आम्ही विचारले. ती म्हणाली, ‘‘त्यांचा जीव तरला का ते देवाला ठाऊक; मला रात्री मार बसत नाही.’’ त्या माउलीच्या दृष्टीने सुधारणा येथेच पुरी झाली होती.

सभेचा निर्णय त्या दिवशी झाला नाही. १९९० नंतर डोलवीच्या किनारी पोलादाचा कारखाना उभा राहिला, आणि भाताच्या खाचरांवरची पिढी आता प्रमाणपत्रे घेऊन दारोदार हिंडते. त्यामुळे वसतिगृहाच्या बाजूने तरुणांचा आग्रह मोठा आहे. सभा उठताना आजोबांनी आमच्या कानात विचारले की, वसतिगृहात मुलींसाठी खोल्या किती. आम्ही सांगितले, आठ. ‘‘कमी आहेत,’’ एवढे बोलून ते काठी टेकीत बाहेर पडले.