व्हँकूवर संदर्भपद्धती

वैद्यक व जैववैद्यक नियतकालिकांसाठीच्या हस्तलिखितांत संदर्भ क्रमांकाने दर्शविण्याची प्रमाण पद्धती. 1978 मध्ये कॅनडातील व्हँकूवर येथे वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांची बैठक झाली. त्या शहरावरून हे नाव पडले. या गटाने ठरविलेल्या हस्तलिखितविषयक समान अटी 1979 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांतील संदर्भांचे नमुने अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने तयार केले होते. पुढे या गटाची आंतरराष्ट्रीय संपादक समिती झाली.

मजकुरात संदर्भ प्रथम ज्या क्रमाने येतो, तोच त्याचा क्रमांक. पुढे तो कितीही वेळा आला, तरी क्रमांक बदलत नाही. अखेरची यादीही याच क्रमाने लावतात, वर्णानुक्रमे नव्हे (पहा : हार्वर्ड पद्धती). नोंदीत आधी लेखकाचे आडनाव, मग पूर्णविरामाविना आद्याक्षरे येतात. लेखक सहांहून अधिक असल्यास पहिली सहा नावे देऊन ‘व इतर’ लिहिण्याची रीत रूढ आहे. त्यानंतर लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, कंसात अंक व पृष्ठे देतात. नावाचा संक्षेप ग्रंथालयाच्या सूचीप्रमाणेच हवा. लेखकाने स्वतः बनविलेला ग्राह्य नसतो. 123 ते 128 ही पृष्ठे ‘123-8’ अशी लिहितात.

क्रमांकामुळे जागा वाचते व वाक्याचा ओघ तुटत नाही. मात्र मध्येच नवा संदर्भ घातल्यास पुढील सर्व क्रमांक बदलतात. हे काम आता झोटेरो, एंडनोट यांसारख्या आज्ञावली करतात (पहा : संदर्भ व्यवस्थापन), पण मूळ लेखाशी नोंद ताडून पाहण्याची जबाबदारी लेखकाचीच असते. 2013 पासून संपादक समितीच्या समान अटी ‘शिफारशी’ या नावाने प्रसिद्ध होतात.